दंडवत घालणारं पाखरू

बीड जिल्ह्यात समुद्र नाही, ही बातमी मला आयुष्यात इतक्या लोकांनी दिली आहे की कुणाला वाटावं, मी तो हरवलाय म्हणून शोधत हिंडत होते. केजच्या बसस्टँडवर दिली, लग्नाच्या पंगतीत दिली, एका गृहस्थांनी तर तेराव्याच्या जेवणात, तोंडात बुंदी असताना दिली. मी समुद्री पक्ष्यांवर काम करते हे कळलं की माणूस आधी माझ्याकडे बघायचा, मग माझ्या आईकडे, आणि मग फार दयाळूपणे समजावायचा की बाई, आपल्याकडं समुद्र न्हाई. जणू मी रोज सकाळी मांजरा धरणाच्या काठावर भरतीची वाट बघत बसत होते. अडाण्यांचं मी समजू शकते. पण हे सांगणाऱ्यांत भूगोलाचे दोन शिक्षक होते, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर नवा शोध लावल्याचा आनंद होता.

मी तेव्हा किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेत कनिष्ठ शास्त्रज्ञ होते. कनिष्ठ म्हणजे, वरिष्ठ मंडळी थंड खोलीत बसून ज्या पक्ष्यांवर निबंध वाचायची, ते पक्षी वाळूतून शोधून, नाक दाबून, मापं घेऊन आणणारी. वादळ झालं की आम्ही किनारा पायी तुडवायचा. जाळ्यात अडकून मेलेले, तेलात माखलेले, पोटात बाटल्यांची झाकणं भरलेले पक्षी गोळा करायचे, आणि ते कशानं मेले हे लिहायचं, म्हणजे पुढचे कमी मरतील अशी एक भाबडी आशा त्यामागे होती. आमचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसते 'सर' म्हणत, त्यांना बोट लागायची. धक्क्यावर उभे राहूनच ते पिवळे पडत. त्यांचं खरं प्रेम मेलेल्या पक्ष्यांवर. जिवंत पक्षी हलतो, उडतो, चावतो. मेलेला कसा, डोळ्यात कापूस घालून, पायाला चिठ्ठी बांधून खणात गुपचूप पडून राहतो. संस्थेत असे खणच्या खण भरलेले होते आणि सर ते पाहुण्यांना उघडून दाखवताना असे हळवे व्हायचे की घरच्या लेकरांचे फोटो दाखवताना मी त्यांना तसं कधी पाहिलं नाही.

आमचं घर केजला. अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, मंडप आणि साऊंडचा धंदा होता. पुढच्या अंगणात कर्णे एकात एक घालून रचलेले, पडवीत कपाटाएवढाले स्पीकर, आणि घरभर वायरी. आमच्याकडे चालताना खाली बघून चालायची सवय लहानपणीच लागते. सकाळी अप्पा अंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून, माळेला हात लावून पहिलं काम कुठलं करत असतील तर माईक तपासायचं. "हॅलो, हॅलो, चेक," हे शब्द मी अंगाईच्या आधी ऐकले असणार. स्वयंपाकघरात मायच्या भाकरीची थापथप चालू आणि बाहेर अप्पांचा बास दणदण. दोघांनी एकमेकांचा ताल कधी जुळवून घेतला नाही, संसार मात्र जुळवला. आमटीतल्या येसर मसाल्याचा खमंग वास आणि गरम झालेल्या अँप्लिफायरचा वास, दोन्ही आले की मला आजही घरी आल्यासारखं वाटतं. घर दोन्हीकडून माळकरी. अंडं हा शब्दसुद्धा माय हळू आवाजात उच्चारायची.

अप्पांचा एक धर्म होता आणि तो माळेपेक्षा कडक होता: कार्यक्रम चालू असताना आवाज तुटता कामा नये. कीर्तनकार घसा बसेपर्यंत बोलो, पुढारी भान सुटेपर्यंत बोलो, नवरदेवाचा मामा पिऊन गाणं म्हणो, माईक ज्याच्या हातात त्याचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचवायचा. काय बोलतो ते आपण ऐकायचं न्हाई, असं ते म्हणत. एवढी वर्षं पुढाऱ्यांच्या भाषणांना साऊंड देऊन त्यांचं डोकं शाबूत राहिलं, त्याचं कारण हेच असावं. माझ्या नोकरीबद्दल मात्र त्यांचं मत पक्कं होतं. कुणी विचारलं तर सांगायचे, "पोरगी मेलेली पाखरं येचती. पगार येतो." आणि विषय बदलायचे.

त्या वर्षी श्रावण संपता संपता अरबी समुद्रावरून एक वादळ आलं. किनाऱ्यावरचं काम उरकून, अंगाला मुरलेला वास तीन साबणांनी घासून मी सुट्टीवर घरी आले होते. वादळाचं शेपूट आमच्याकडेही फिरलं होतं. दोन दिवस आभाळ काळं, वारा असा की अप्पांचे दोन मंडप आडवे झाले. जवळच्याच एका वाडीत सप्ताह बसला होता, साऊंड आमचंच. तिथून अप्पा दुपारी जेवायला आले, हात धुतले आणि ताटावर बसत मायला सांगू लागले की आज सकाळी काकड्याच्या वेळी एक पाखरू आभाळातून आलं, मंडपापुढं उतरलं आणि देवाला दंडवत घालून पडलं ते उठलंच न्हाई. सगळी वाडी लोटली. बाया त्याच्या पाया पडायल्यात. आणि रडतंय म्हणे. टिपं गाळतंय.

माझा घास हातातच राहिला. कसलं पाखरू, चोच कशी, पाय कसले, असं मी विचारत सुटले. अप्पांनी भाकरी मोडत माझ्याकडे पाहिलं. "मेलेलं न्हाई ते. तुज्या कामाचं न्हाई," ते म्हणाले.

मी त्यांच्याच टेम्पोत बसून गेले. मंडपात देवापुढे पितळेची परात, परातीत पिवळं वस्त्र, वस्त्रावर हळदीकुंकू, ज्वारीचे दाणे, पेढे, आणि या सगळ्यात पोटावर पसरलेला पारव्याहून थोडा मोठा पक्षी. पाठ काळपट, पोट पांढरं, लांब अरुंद पंख अंगाशी गच्च मिटलेले, चोच बारीक आणि टोकाला वाकलेली, आणि त्या चोचीच्या मुळाशी दोन इवल्या नळ्या. शिअरवॉटर. लाटांना पंखाच्या टोकानं कातरत जाणारा, अंडी घालण्यापुरता बेटावर येणारा, बाकी सारं आयुष्य पाण्यावर काढणारा. असले मी शेकड्यांनी पाहिले होते, पण सगळे मेलेले. जिवंत पक्षी एवढ्या जवळून मी पहिल्यांदाच बघत होते, तो केज तालुक्यात, हळदीकुंकवाच्या मळवटासह.

दंडवताचा उलगडा सोपा होता. या पक्ष्यांचे पाय शरीराच्या पार मागे असतात; पोहायला उत्तम, चालायला निकामी. जमिनीवर त्यांना उभंच राहता येत नाही आणि सपाट जागेवरून उडताही येत नाही. टिपांचाही उलगडा सोपा. ते समुद्राचं पाणी पितात, त्यातलं मीठ डोक्यातली एक ग्रंथी गाळते, आणि ते खारं पाणी नळ्यांतून थेंबाथेंबानं चोचीच्या टोकाशी येतं. एक आजी तो थेंब बोटानं टिपून डोळ्यांना लावत होत्या. मी त्यांना सांगितलं की आजी, हे त्याचं नाक गळतंय. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ती नजर पुढे मला परदेशातल्या परिषदांत फार उपयोगी पडली. त्यानंतर कुठल्याच प्रोफेसरची भीती वाटली नाही.

मी बाहेर येऊन सरांना फोन लावला. मला वाटलं होतं ते नाचतील. मराठवाड्यात शिअरवॉटर! ते आधी दोन मिनिटं मला सांगत राहिले की बीड जिल्ह्यात समुद्र नाही. मग मी वर्णन सांगितलं, नळ्या सांगितल्या, तेव्हा त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. किती अशक्त आहे, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, जगेल, लवकर समुद्रावर नेला तर. मग ते म्हणाले, "हे बघ, घाई करू नकोस. असे पक्षी सहसा जगत नाहीत. निसर्गाला त्याचं काम करू दे. आणि झालं की लगेच बर्फात ठेव." त्यांनी नमुना कसा बांधायचा तेही समजावलं. इतक्या सभ्य भाषेत कुणाचं मरण मागितलेलं मी त्यानंतर ऐकलं नाही, आणि मी बऱ्याच सरकारी समित्यांवर बसले आहे.

तोवर तात्यांचं बोलावणं आलं. तात्या म्हणजे त्या गटाचे पुढारी. त्यांना झेडपीचं तिकीट हवं होतं आणि तिकिटाआधी लोकांच्या डोळ्यांसमोर राहायला काहीतरी हवं होतं. आभाळानं ते परस्पर पाठवलं. पक्षी मंडपापुढे पडला हे खरं, पण मंडपाला पैसे तात्यांचे, म्हणजे पक्षी तात्यांच्या दारी आला. दुपारपर्यंत फ्लेक्स छापायला गेलेही होते. पांढराशुभ्र सदरा, मनगटावर दोन अंगठ्यांएवढं जाड कडं आणि आवाजात सतत कुणाला तरी माफ केल्याचा भाव. साऊंडवाल्याची पोरगी शास्त्रज्ञ आहे हे त्यांना कळलं होतं. उद्या काल्याच्या कीर्तनानंतर पाखराला तात्यांच्या हस्ते दुधाचा अभिषेक, त्याआधी माझा सत्कार, आणि मी दोन शब्द बोलायचे, असं ठरवूनच त्यांनी मला बोलावलं होतं.

मी त्यांना समजावलं. या पक्ष्याच्या पिसांवर एक तेलकट थर असतो, त्यानं तो पाण्यात कोरडा राहतो. दूध, दही, मध यांनी तो थर चिकटला की पक्षी पाण्यात भिजतो, गारठतो, बुडतो. अभिषेक केलात तर तो मरेल. तात्यांनी हे सगळं मान हलवत ऐकून घेतलं.

"दुधानं कुणी मरतं का गं बाई?" ते म्हणाले. "आमी लहानपणापसून पेतो."

भोवतालचे हसले. तात्या हसले की हसायचं, हा त्या माणसांचा पूर्ण वेळचा व्यवसाय होता. आज त्यातले बरेचसे तात्यांच्या विरोधकांकडे तेच काम करतात आणि सुखी आहेत.

घरी त्या संध्याकाळी धपाटे होते, पण कुणाचं लक्ष नव्हतं. अप्पांचं म्हणणं सरळ होतं. सप्ताह तात्याचा, वाढदिवस तात्याचे, प्रचार तात्याचा. तालुक्यात साऊंड लागतं ते त्याच्या शब्दावर. एका पाखरापायी त्याच्या तोंडाला लागायचं न्हाई. "तू दोन शब्द बोल, नारळ घे, आन खाली उतर," ते म्हणाले. मी काय काय बोलले ते आठवत नाही. मोठमोठ्यानं बोलले एवढं आठवतं. माय तव्यावरचा धपाटा उलटत म्हणाली, "ते जगंल का, एवढंच सांग की." मी म्हणाले, उद्या दूध पडलं तर नाही. तिनं अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी ताटाकडे पाहिलं. आमच्या घरात वाद असाच संपायचा, कुणी न जिंकता.

आता माझ्या अकलेचा भाग. पक्ष्याला खायला हवं होतं आणि तो ज्वारीकडे बघतही नव्हता, कारण तो फक्त मासे खातो. मी त्याच संध्याकाळी केजच्या बाजारातून धरणाचा मासा घेतला, स्टीलच्या डब्यात भरला आणि वाडीत सगळे हरिपाठाला उभे असताना, मंडपामागच्या सामानाच्या खोलीत ठेवलेल्या त्या देवपाखराला बारीक तुकडे करून भरवला. माळकऱ्यांच्या सप्ताहात, टाळमृदंगाच्या आवाजात, मी मासा चिरत होते. पहिले दोन तुकडे त्यानं थुंकले, मग एकदम हपापून खाऊ लागला, माझं बोटही त्यानं वेगळं धरलं नाही. मागे वळून पाहते तर अप्पा दारात, खांद्यावर वायरीचं वेटोळं. वास त्यांच्यापर्यंत पोचला होता. त्यांनी डबा पाहिला, पक्षी पाहिला, माझं रक्ताळलेलं बोट पाहिलं. मग खोलीच्या दाराला पाठ लावून उभे राहिले आणि हरिपाठ संपेपर्यंत वायर गुंडाळत राहिले. ती आधीच गुंडाळलेली होती.

तेव्हाच मला युक्ती सुचली. हे पाखरू मासे खातं, एवढं एक वाक्य मी उद्या माईकवरून बोलले की काम झालं. कीर्तनकार महाराज परातीपासून दहा हात मागे सरतील, तात्या फ्लेक्स उतरवतील, आणि विटाळलेलं पाखरू माझ्या पदरात पडेल. आपल्या माणसांना मी ओळखते, असा मला केवढा गर्व होता.

दुसऱ्या दिवशी मंडप गच्च भरला. आता पुढाऱ्यांवर जेसीबीच्या खोऱ्यातून फुलं उधळतात. तेव्हा बिचारी माणसं हातांनीच उधळायची. व्यासपीठावर महाराज, तात्या, तात्यांच्या शेजारी पाटावर परात, आणि मागे फ्लेक्सवर तात्या आणि पक्षी यांचे सारख्याच आकाराचे फोटो. त्यातला पक्षी कुणीतरी घाईत निवडलेला पोपट होता. मला फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. मी माईक धरला. अप्पा एका बाजूला आपल्या यंत्रांमागे, नेहमीसारखे मान खाली घालून.

मी पायांपासून सुरुवात केली. म्हणाले, हा दंडवत नाही, याचे पाय इतके मागे असतात की याला उभंच राहता येत नाही. महाराजांनी लगेच दुसरा माईक ओढला. "ऐका माउली," ते म्हणाले, "देवानं याला पायच असे दिले, की जन्मभर दंडवतातच राहावं." टाळ्या. मी म्हणाले, ही टिपं नाहीत, मीठ आहे. तात्या उठले. "खाल्ल्या मिठाला जागणारं पाखरू हाय ते," त्यांनी घोषणा केली, आणि या वेळी टाळ्यांत शिट्ट्याही आल्या. मी म्हणाले, हा वादळात रस्ता चुकून आलाय. मंडपातूनच कुणीतरी ओरडलं, "चुकला कुठं? बरोबर आला." विज्ञानाचा प्रसार मी नंतरही पुष्कळ केला, पण इतका प्रतिसाद कुठेच मिळाला नाही. मी एक एक खरं सांगत होते आणि एकेका खऱ्यानं चमत्कार फुगत होता.

मग मी ते वाक्य टाकलं. "आणि हा फक्त मासे खातो. काल संध्याकाळीच खाल्लेत."

महाराजांनी पाय उचलून आसनावर घेतले. तात्या मात्र कच्चे नव्हते. ते हसत हसत पुढे आले, म्हणाले, पोरीला काय म्हाईत देवाघरचं, आणि मी थांबवायच्या आत त्यांनी दोन्ही हातांनी पक्ष्याला परातीतून उचलून छातीशी धरला, फोटोवाल्याकडे तोंड करून. आता हे पक्षी घाबरले की एकच करतात, आणि ते आम्ही संस्थेत पहिल्याच दिवशी शिकतो. त्यानं मान मागे घेतली आणि धरणाचा मासा, त्यात स्वतःचं नारिंगी तेल घालून, तात्यांच्या सदऱ्यावर गळ्यापासून पोटापर्यंत रिकामा केला. तो वास कसा असतो ते मी सांगणार नाही. पहिल्या तीन रांगा उठल्या एवढं पुरे.

मला वाटलं, जिंकले. मी अजूनही, या वयातसुद्धा, तात्यासारख्या माणसांना कमी लेखते आणि तोंडावर आपटते. तात्यांनी पक्षी परातीत टाकला, माईक हातात घेतला, सदऱ्यावरून तेल ओघळत असताना डोळे मिटले, आणि माफ केल्याच्या त्याच आवाजात बोलू लागले. म्हणाले, पाखरू बाटलेलं हाय. कुणी बाटवलं ते समद्यायनी बघितलं. पण शरण आलेल्याला आपण टाकत न्हाई. आधी त्याची शुद्धी करायची. गोमूत्र आणा, राख आणा, कढत पाणी आणा, घासून काढा चांगलं, आन मग अभिषेक. मंडप पुन्हा उसळला. चार माणसं बादल्यांकडे धावली. महाराजांनी पाय खाली सोडले.

मी परातीकडे झेपावले तर तात्यांच्या एका माणसानं मला दंडाला धरून बाजूला उभं केलं, अगदी आदरानं, फेटा सांभाळून. पक्षी परातीत पंख पसरून पडला होता, चोच उघडी. मी ओरडत होते की तो मरेल, पण माईक तात्यांकडे होता, आणि अप्पांच्या स्पीकरपुढे माझ्या आवाजाची काय कथा. तात्या आता रंगात आले होते, "या तालुक्यात जवर मी हाय, तवर कुठल्याबी जिवाला..."

आणि आवाज तुटला.

तात्यांचे ओठ हलत राहिले. त्यांनी माईकवर टिचकी मारली, फुंकर मारली, पुन्हा ओठ हलवले. पाच-सहाशे माणसं एका घामाघूम, माशाचा वास येणाऱ्या माणसाला गप्प तोंड हलवताना बघत होती, आणि आवाजाशिवाय तो माणूस किती छोटा होता हे सगळ्यांना एकदमच दिसलं. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी कुणीतरी. अप्पा यंत्रांमागून निघाले होते. इतकी वर्षं ते मंडपात कडेकडेनं, वायरीसारखे चालत आले. त्या दिवशी मधल्या वाटेनं आले. व्यासपीठावर चढले, माझ्या खांद्यावरची सत्काराची शाल काढली, ती पक्ष्यावर अशी अलगद टाकली की पंख आपोआप मिटले, आणि गाठोडं उचलून छातीशी धरलं. मासा त्यांच्या माळेला लागला.

तात्या त्यांच्या कानाशी वाकून, दातांवर दात धरून म्हणाले, "आरं, माईक चालू कर बे."

"करंट न्हाई," अप्पा म्हणाले. वर बल्ब जळत होते, पंखे फिरत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चल संगे. कुठशीक हाय तुजा समुद्र?"

मंडपातलं सामान तिथंच सोडलं; टेम्पोत मागे जादाचे स्पीकर तसेच. मायला फोन केला तेव्हा ती फाट्यावर धपाट्यांचं गाठोडं घेऊन उभी होती, म्हणजे तिला आधीच कळलं होतं. आमच्या तालुक्यात बातमीला साऊंड लागत नाही. तिनं गाठोडं दिलं, शाल उचलून आत बघितलं आणि नाकाला पदर लावून अप्पांना म्हणाली, लवकर जावा. मांजरसुंब्याला डिझेल भरलं. तात्यांचा फोन वाजत राहिला, मग सरांचा. अप्पा तात्यांचा घेईनात, मी सरांचा. पक्षी माझ्या मांडीवर, काळोख्या शालीत, शांत. रस्त्यात मी त्याच्या छातीवरचं तेल टिपून काढलं आणि पिसांवर पाण्याचा थेंब टाकून पाहिला. थेंब घरंगळून गेला. अप्पांनी एकदाच विचारलं, "दूध न्हाई ना लागलं?" मी नाही म्हणाले. त्यांनी गिअर बदलला. त्या हंगामात आणि पुढच्या दोन हंगामांत आम्हाला तात्यांच्या गटात एकही मंडप मिळाला नाही. अप्पा ते कधी बोलले नाहीत, आणि मीही इथे एकाच वाक्यात संपवते, नाहीतर ते वरून रागावतील.

सकाळी घाट उतरून किनाऱ्यावर पोचलो. बोटी नुकत्याच पुन्हा सुरू झाल्या होत्या. ओळखीच्या एका नाखव्यानं आम्हाला घेतलं. अप्पांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं ते दुसऱ्या साऊंडवाल्याच्या सामानाकडे बघत: कुतूहल आहे, पण दाखवायचं नाही. बोटीत त्यांना काहीही झालं नाही. पाय रोवून बसले. किनारा बारीक झाल्यावर मी म्हणाले, इथं. शाल सोडायला मी हात पुढे केले, पण त्यांनी गाठोडं दिलं नाही. मी सांगितलं तसं ते काठावरून वाकले आणि दोन्ही हातांनी पक्षी पाण्यावर ठेवला.

तो बसून राहिला. लाटेनं वर गेला, खाली आला. अप्पा त्याच्याकडे डोळे न हलवता बघत होते आणि मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग पक्ष्यानं चोच पाण्यात बुडवली, डोकं झटकलं, पंख उघडले, आणि ते निकामी पाय पाण्यावर टपटप मारत तो धावत सुटला. जमिनीवर ज्याला उभं राहता येत नव्हतं, तो पाण्यावरून धावत गेला आणि उचलला गेला. एका लाटेच्या उतारावर त्याच्या पंखाचं टोक पाण्याला चाटून गेलं, मग दुसरीच्या, आणि मग कुठली लाट आणि कुठला पक्षी हे कळेनासं झालं.

माझा फोन वाजला. या वेळी मी घेतला. सर विचारत होते, मेला का? मी म्हणाले, गेला. कुठे? समुद्रात. सर फार चिडले. नमुना नाही, फोटो नाही, मराठवाड्यातली पहिली नोंद, आणि आता हे कोण मान्य करणार, पुरावा काय, असं ते मोठ्यानं विचारत होते. अप्पांनाही ऐकू जात होतं.

"काय म्हणतेत?" अप्पांनी विचारलं.

"पुरावा मागतायत. पाखरू कुठंय म्हणून."

अप्पांनी खांद्यावरून मागे, त्या सगळ्या पाण्याकडे हात केला. त्यांच्या सदऱ्यावर तेल वाळून कडक झालं होतं.

"त्यायला सांग," ते म्हणाले, "त्याच्या जागी ठिवलंय. येऊन बघा म्हणावं."